पडीक रानातली लष्करी जीप सोडवायला गेलो आणि फसलो

हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार करत होतो. गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका मुलाने फोटो पाठवला. झुडपात रुतलेली जुनी लष्करी गाडी, शेजारी उभा एक माणूस, आणि खाली मजकूर: "दादा, सोमवारी भंगारवाला येतोय म्हणे. आज पैसे पाठवू का?" हेच वाक्य मी याआधी ऐकलं होतं. पाठवू नकोस, असं त्याला लगेच कळवलं. त्याच्यासारख्या इतरांसाठी आता सगळं सांगतो.

मला फोटो आले ते अनोळखी नंबरवरून. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा मला नाद आहे हे पुष्कळांना ठाऊक आहे, त्यामुळे असे फोटो येत राहतात. त्यातल्या बहुतेक गाड्या युद्धानंतरच्या नागरी जीप निघतात. हिरवा रंग दिला, बोनेटवर पांढरा तारा काढला, की विकणारा तिला '१९४२ची' म्हणतो. फरक ओळखणं तसं अवघड नाही. विलीस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या युद्धकाळातल्या जीपना समोरच्या पत्र्याच्या जाळीत नऊ फटी असतात, नंतरच्या नागरी सीजे-२एला सात. सीजेला मागे उघडणारा फाळका असतो. जुनीची मागची बाजू सलग असते आणि स्टेपनी तिथेच टांगलेली असते. पेट्रोल भरायचं तोंड सीजेला बाहेरून बाजूला, तर जुनीला चालकाच्या सीटखाली. मला आलेल्या फोटोत फटी नऊ होत्या. त्याच दिवशी मी निघालो.

गाडी एका पडक्या गोठ्यामागे होती. चारही चाकं अर्धी मातीत, फ्लोअरच्या गंजून पडलेल्या भोकातून एक झाड वर आलेलं, सीटच्या नुसत्या सळ्या. गुडघे टेकून पुढे वाकलो आणि बंपरमागचा आडवा दांडा पाहिला. विलीसला तो गोल नळीचा असतो. हा उलट्या यू आकाराचा होता, म्हणजे फोर्ड. बोल्टची माती नखाने खरवडली, तर डोक्यावर फोर्डचा 'एफ' उठलेला. बोनेट उघडलं तर आत सगळं जागच्या जागी, आणि एअर क्लीनरच्या डब्यावर चिमणीचं घरटं. मी त्याचा फोटो काढला. तो फोटो पुढे फार उपयोगी पडला.

इंजिनाचा नंबर उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरजवळच्या सपाट जागेवर असतो. फडक्याने पुसला, वाचला, फोटो काढला. मग चेसिसचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा. जीपीडब्ल्यूला तो सांगाड्याच्या डाव्या लांब दांड्याच्या वरच्या अंगावर ठोकलेला असतो, इंजिनाच्या पुढच्या माउंटिंगच्या, म्हणजे इंजिन धरणाऱ्या आधाराच्या आसपास. तारेच्या ब्रशने अर्धा तास घासलं तेव्हा शेवटचे चार आकडे उमटले. ते इंजिनाच्या नंबरशी जुळत होते.

याचं मोल काय ते सांगायला हवं. विलीस आणि फोर्डने मिळून १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. फोर्डच्या कारखान्यातून निघताना गाडीच्या चेसिसवर आणि इंजिनावर एकच नंबर असायचा. पण लष्करी दुरुस्तीच्या तळावर ती जोडी क्वचितच टिकायची. बिघडलेलं इंजिन उतरवायचे, तयार असलेलं दुसरं बसवायचे आणि गाडी परत पाठवायचे. युद्धात ते बरोबरच होतं. त्यामुळे ऐंशी वर्षांनंतर दोन्ही नंबर सारखे असलेली जीपीडब्ल्यू समोर आली की माझ्यासारख्याचे हात थरथरतात. मी मातीतून उठलो आणि त्या माणसाला सगळं सांगितलं. नंबर कुठे असतो, का जुळतो, असं इंजिन मिळणं किती दुर्मिळ. तो शांतपणे ऐकत होता. मध्ये एकदा त्याने विचारलं, "म्हणजे नुसतं इंजिनसुद्धा कुणी घेईल?" मी म्हटलं, घेईल की.

या प्रश्नावर मी थांबायला हवं होतं. मला वाटलं, त्यालाही गोडी लागतेय.

रान वडिलांचं आणि गाडीही वडिलांचीच, असं तो म्हणाला. वडील अंथरुणाला खिळलेले. कागद जुन्या घरात होते, घर पडलं तेव्हा गेले. सोमवारी भंगारवाला गॅस कटर घेऊन येणार, शिवाय आणखी दोघे बघून गेलेत. यातलं एकही वाक्य पडताळून बघायला मला एका दिवसाहून जास्त लागलं नसतं. पण डोळ्यांपुढे कटरची ज्योत होती आणि ते दोन सारखे नंबर. गाडी कापली गेली तर ते पाप माझ्या माथी, असं वाटू लागलं. इसार देऊन उरलेले गाडी उचलताना, असं ठरवून गेलो होतो. प्रत्यक्षात सगळी रक्कम तिथेच दिली. त्याने वहीच्या पानावर लिहून दिलं: 'जुनी गाडी, भंगार अवस्थेत, विकली, पैसे मिळाले.' मॉडेल नाही, चेसिस नंबर नाही, इंजिन नंबर नाही. खाली सही, तीसुद्धा वाचता न येणारी.

गाडी दुसऱ्या दिवशी उचलायची होती. रात्री त्याचा फोन: पाऊस झालाय, रानात ट्रक रुतेल, चार दिवस थांबा. नंतर आणखी तीन दिवस. आठवड्याने मी दोन मित्र, विंच लावलेला ट्रक, फावडी आणि फळ्या घेऊन पोचलो. तो माणूस काही आला नाही. फोनवर म्हणाला, "तुमचीच आहे, न्या की."

चाकं मोकळी करायला दुपार झाली. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती जिवाशी संबंधित आहे. या जीपना बऱ्याचदा दोन भागांची 'कॉम्बॅट रिम' असते. तिला नटांची दोन कडी असतात, एक चाक हबला धरणारं आणि दुसरं रिमचे दोन भाग एकमेकांना धरणारं. टायरमध्ये हवा असताना दुसरं कडं सैल केलं तर रिम फुटल्यासारखी उडते. व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण गेल्याशिवाय त्या नटांना पाना लावू नका. मी हे मित्राला समजावत पुढच्या चाकाजवळ बसलो, आणि बघतो तर तिथे कॉम्बॅट रिम नव्हतीच. साधी, एकसंध डिस्क होती. माझ्या फोटोत चारही चाकं कॉम्बॅटची होती.

बोनेट तारेने बांधलेलं होतं. तार कापली. घरटं नव्हतं. इंजिन होतं, पण ते हे इंजिन नव्हतं. माउंटिंगचे बोल्ट पान्याने ताजे घासलेले, आणि नंबर असायची ती जागा ग्राइंडरने गुळगुळीत केलेली. आत बसवलेला ब्लॉक नुसता ठेवल्यासारखा होता, गिअरबॉक्सला दोनच बोल्टांवर टेकवलेला. बोनेट झाकलं की बाहेरून काही कळू नये, एवढीच सोय. मी ज्याला नंबर कुठे बघायचा ते दाखवलं, त्याने तोच नंबर विकला.

तेवढ्यात बांधावरून एक माणूस ओरडत आला. "कोणाला विचारून नेताय?" मी चिठ्ठी दाखवली. त्याने ती वाचलीही नाही, सही कुणाची ते विचारलं आणि डोक्याला हात लावला. चिठ्ठी देणारा तीन वर्षं ते रान खंडाने कसत होता, आणि मुदत संपली म्हणून सोडून चालला होता. रान त्याच्या वडिलांचं नव्हतं, आणि गाडी तर नव्हतीच.

तासाभराने गाडीच्या खऱ्या मालकीणबाई आल्या, मुलीचा हात धरून. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, हेच जास्त लागलं. ट्रकच्या फळ्यांवर अर्धी चढलेली जीप बघत त्या म्हणाल्या, "ह्यांनी शेवटची चालवली तेव्हा मी शेजारी बसले होते. मी नाही हो कुणाला विकली." मुलीच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नोंदणीचा कागद होता. त्यावर त्यांच्या यजमानांचं नाव, आणि चेसिस व इंजिनापुढे एकच नंबर.

आम्ही जीप परत उतरवली. त्याच जागी, पण चाकं मातीत जाऊ नयेत म्हणून चारही बाजूंना लाकडी ओंडके दिले. झाड मुळाजवळून कापलं आणि वर ताडपत्री बांधली. आजींनी मुलीला सांगून आम्हाला पाणी आणवलं.

तक्रार दिली. चिठ्ठीवर गाडीचं काहीच वर्णन नसल्याने कोणती गाडी, कोणतं इंजिन, हे सगळं माझ्या फोनमधल्या फोटोंवर उभं राहिलं. पहिल्या भेटीचे फोटो तारखेसकट होते म्हणून निदान ऐकून तरी घेतलं गेलं. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे. पैसे गेले. पण मला जास्त जाळतं ते हे की मी तिथे गेलोच नसतो तर ते इंजिन आजही त्या घरट्यासकट जागेवर असतं.

रानात पडलेल्या गाडीच्या मागे लागणार असाल तर एवढं समजून घ्या. रान कुणाच्या नावावर, ते कसतं कोण, आणि त्यात पडलेली गाडी कुणाची, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि तिन्हींची उत्तरं एकाच माणसाच्या तोंडून घ्यायची नसतात. जमिनीची नोंद काढा, शेजारच्या दोन रानांत जाऊन बोला. मी फक्त पलीकडच्या बांधापर्यंत चालत गेलो असतो तरी हे टळलं असतं. मालक वारले असतील तर वारस कोण ते शोधा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या, नाहीतर एक भाऊ विकतो आणि दुसरा अडवतो. देशोदेशीचे नियम वेगळे असतील, पण विकणाऱ्याचाच हक्क नसेल तर तुमच्या हातातल्या चिठ्ठीचा बहुतेक ठिकाणी फारसा उपयोग होत नाही. डॅशबोर्डवरच्या माहितीपट्ट्यांवरही विसंबू नका. त्या नव्या छापून मिळतात, कुठल्याही गाडीला ठोकता येतात. विलीसच्या चेसिसचा नंबर तर डाव्या लांब दांड्याच्या आतल्या अंगाला, बंपरमागे, छोट्या रिवेट केलेल्या पट्टीवर असतो, आणि पट्टी म्हटली की ती बदलता येते. रिवेट जुने आहेत का, पट्टीखालचा रंग सारखा आहे का, हे बघा.

आणि गाडी ताब्यात येईपर्यंत तिच्यात काय मौल्यवान आहे ते विकणाऱ्यासमोर बोलू नका. फोटो काढा, नंबर टिपा, चिठ्ठीवर दोन्ही नंबर त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. शक्य असेल तर पैसे आणि गाडी एकाच वेळी हलू द्या. भंगारवाल्याची भीती घातली तर त्या भंगारवाल्याचा नंबर मागा. खरा असेल तर त्याच्याशी बोलून भंगाराच्या भावात गाडी थांबवता येते. माझ्या बाबतीत असा कुणी नव्हताच.

मी आता महिन्यातून एकदा आजींकडे जातो. ताडपत्री बघतो, चेसिसवर तेल मारतो. गाडी विकायची की नाही हे त्यांनी ठरवलेलं नाही आणि मीही विचारत नाही. इंजिन मात्र कुठेतरी कुणाच्या शेडमध्ये असणार. जीपीडब्ल्यूचं इंजिन कुणी सुटं विकायला आणलं, आणि नंबर शाबूत पण माउंटिंगच्या कानांवर पान्याचे ताजे ओरखडे दिसले, तर घेण्याआधी मला तो नंबर कळवा. त्याच नंबरची चेसिस आजींच्या रानात ओंडक्यांवर उभी आहे.