पेटीवर सलामिस, आत सिराक्यूज: ट्रायरीमच्या लाकडी संचाचे परीक्षण

प्राचीन अथेन्सची युद्धनौका म्हणजे ट्रायरीम. तिच्यावर वल्हेकऱ्यांच्या तीन रांगा एकावर एक बसत. या नौकेचा एकास बहात्तर प्रमाणातला लाकडी संच मी मडगावच्या एका दुकानदारामार्फत मागवला आणि त्याला साडेनऊ हजार रुपये पडले. नौकेपुरते बोलायचे तर पैसे वसूल होतात. डेकवर उभी करण्यासाठी जी धातूची माणसे दिली आहेत, त्यांच्या बाबतीत मात्र संच करणाऱ्यांनी अभ्यास अर्ध्यावर सोडलेला दिसतो.

आधी नौकेविषयी. अथेन्सच्या पिरेअस या बंदरगावातील झेआ बंदराच्या नौकाघरांचे अवशेष आणि जुने उल्लेख यांच्या आधारे तयार केलेली ‘ऑलिम्पियास’ ही पूर्णाकृती नौका १९८७ साली ग्रीसमध्ये पाण्यात उतरली. तिची लांबी ३६.९ मीटर आहे. संचातील नौका ५१ सेंटिमीटर भरते, म्हणजे हिशेब चोख आहे. वरच्या रांगेत ६२, मधल्या आणि खालच्या रांगेत प्रत्येकी ५४ अशी १७० वल्ही मोजून दिलेली आहेत आणि त्या सर्वांची लांबी जवळजवळ सारखी आहे. वरच्या माणसाचे वल्हे लांब असायला हवे, असे पाहणाऱ्याला वाटते. परंतु वरची रांग नौकेच्या कुशीबाहेर काढलेल्या चौकटीवर वल्ही टेकवून तीव्र कोनात पाणी कापत असे, आणि अथेन्सच्या गोदीतील शिलालेखांतही वल्ह्यांची लांबी नऊ किंवा साडेनऊ हात एवढीच नोंदलेली आहे. हे तपशील कंपनीने सांभाळले, याचे कौतुक करायला हवे. सर्वांत खालची भोके पाण्याच्या अगदी जवळ येत असल्याने त्यांना कातडी बाही बसवत असत. संचात त्यासाठी पातळ कातड्याचा तुकडा आहे. त्याच्या बारीक कड्या ब्लेडने कापून चिमट्याने एकेका भोकाभोवती चिकटवताना मान मोडून येते, पण काम झाल्यावर नौकेची कूस एकदम खरी वाटू लागते.

शत्रूच्या नौकेला धडक देण्यासाठी नाळेवर बसवलेली पितळी धडकसोंड पाहून मात्र खटकले. तिचा आकार १९८० साली इस्रायलच्या अथलित किनाऱ्याजवळ सापडलेल्या सोंडेवरून घेतलेला दिसतो. ती सोंड ४६५ किलो वजनाची, नंतरच्या काळातील आणि ट्रायरीमहून मोठ्या नौकेची मानली जाते, तर ‘ऑलिम्पियास’ची सोंड सुमारे २०० किलोची आहे. कानशीने घासून ती थोडी बारीक करावी.

खरा घोळ पुढे आहे. पेटीवर ‘सलामिस, इ. स. पू. ४८०’ (ग्रीकांनी पर्शियन आरमाराला हरवले ती सागरी लढाई) असे ठळक छापले असून आत दहा जड चिलखतधारी, चार धनुर्धर आणि बारा भालाफेके आहेत. दहा आणि चार हे आकडे ग्रीसमधील ट्रोइझेन येथील, त्या लढाईतील अथेनियन नेत्याच्या नावाने ‘थेमिस्टोक्लीसचा ठराव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिलालेखाशी जुळतात, त्यामुळे त्यांवर आक्षेप नाही. पण त्या काळातील अथेनियन नौकांना संपूर्ण डेक नव्हते, असे प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीस स्पष्ट लिहितो, आणि नंतरचा अथेनियन सेनापती किमोन याने ते रुंद केले असे चरित्रकार प्लूटार्क सांगतो. संचातले डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे. म्हणजे ही नौका सलामिसची नाही.

मग ती कुठली? इ. स. पू. ४१३ मध्ये सिसिली बेटावरील सिराक्यूज या शहराच्या मोठ्या बंदरात झालेल्या शेवटच्या लढाईत, त्या शहरावर चालून गेलेल्या अथेन्सने रिवाज मोडून डेकवर धनुर्धर आणि भालाफेके दाटीवाटीने चढवले होते. बंदर अरुंद, वळसा घालून धडक देण्याइतके पाणी मोकळे नाही, तेव्हा नौकेच्या वेगावर भरवसा ठेवणाऱ्यांना डेकवरच्या गर्दीवर विसंबावे लागले. लढाईपूर्वीच्या भाषणात सिराक्यूजच्या सेनापतींनी नेमके यावरच बोट ठेवले: पश्चिम ग्रीसमधील अकार्नानिया वगैरे भागांतून आणलेल्या या जमिनीवरच्या माणसांना बसून भाला कसा फेकायचा हे कळणार नाही आणि ती आपल्याच नौकांना धोक्यात आणतील. मांडवीच्या मुखाशी छोट्या होडीत उभा राहून पागेर (फेकायचे मासेमारीचे जाळे) टाकणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना होडी कशी एका अंगावर जाते हे सांगायला नको. ट्रायरीम तर अरुंद, हलकी, आणि तिच्या पोटात १७० माणसे एका तालावर वल्ही मारणारी.

असे असता संचातील बाराही भालाफेके पाय फाकून, हात मागे ताणून, मैदानावर असल्यासारखे उभे आहेत. मी त्यांचे गुडघे बारीक करवतीने अर्धे कापले, पक्कडीने वाकवले आणि फट एम-सीलने बुजवली. बसते केल्यावर डेकची दाटी एकदम पटण्यासारखी झाली. एरवी सुबक असलेल्या संचात हे काम ग्राहकावर का यावे?

पट्ट्यांबाबत एक सूचना. लिंडनच्या लाकडाच्या या पट्ट्या आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमटपणात दोन रात्रींत पीळ खातात, म्हणून बांधणी दिवाळीनंतर सुरू करावी आणि उघडलेली पेटी सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी. माहितीपत्रक नीट आहे, मात्र वल्हे बसवण्याच्या पानावरील चित्र इतके लहान आहे की भिंग लागते.

संचात नसलेली एक गोष्ट जरूर करून पाहावी. अखेरच्या लढाईआधीच्या एका चकमकीत अथेनियनांचे सर्वाधिक नुकसान सिराक्यूजच्या छोट्या होड्यांनी केले, असे थ्यूसिडिडीस नोंदवतो. त्या थेट वल्ह्यांखाली घुसत आणि आतील भालाफेके कुशीला लागून वल्हेकऱ्यांवर भाले टाकत. उरलेल्या पट्ट्यांतून अशा दोन होड्या सहज होतात आणि बसते केलेल्यांपैकी चार भालाफेके त्यांत मावतात. पेटीवरच्या सलामिसवर मात्र कागद चिकटवून टाकावा.