बातमीचा पहिला सुगावा: व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप की एक्स?

जिल्ह्याच्या ठिकाणी नव्याने बातमीदारी सुरू केली की बघता बघता मोबाइलमध्ये ग्रुपांची गर्दी होते. सरपंचांचा, व्यापाऱ्यांचा, रुग्णवाहिकावाल्यांचा, प्रत्येक पक्षाचा वेगळा. मुख्य कार्यालयातून मात्र सांगणं येतं, एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) लक्ष ठेवा. दोन्हीकडे सारखं लक्ष देणं एका माणसाच्याने होत नाही, म्हणून भर कशावर द्यायचा हे आधी ठरवावं लागतं. माझं मत असं की तालुक्याची बातमी ग्रुपवरच आधी येते, पण ग्रुपवर आलंय म्हणून ते खरं मानता येत नाही. एक्सवर मूळ खात्यापर्यंत पोचता येतं, पण तिथे तुमचा तालुका फारसा बोलत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपची खरी अडचण म्हणजे मूळ माणूस गायब होतो. फॉरवर्ड झालेल्या मेसेजखाली दिसणारी वेळ तो तुमच्या ग्रुपमध्ये आला त्याची असते, घटनेची नाही. पहिल्यांदा कोणी पाठवला ते दिसत नाही. दोन बाणांची खूण असेल तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय एवढंच कळतं. फोटोतली वेळ-स्थळाची नोंदही वाटेत पुसली जाते. म्हणून पाठवणाऱ्याला लगेच फोन करून एकच विचारायचं: हे तुम्ही स्वतः काढलं का? ‘नाही, आलं होतं’ म्हणाला, तर त्याला कोणाकडून आलं त्याचा नंबर घ्या आणि मागे मागे जा. काढणारा सापडला तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा, तशी पाठवली तर ती नोंद सहसा टिकते.

हे कंटाळवाणं वाटलं तर राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्याआधीपासून मोबाइलवर फिरत होते. अशा वेळी ‘परिसरात चर्चा आहे’ एवढी चौकट जरी आपण छापली, तरी अफवेवर वर्तमानपत्राचा शिक्का बसतो. ती चौकट न छापता पोलीस ठाण्यात खरोखर तक्रार दाखल आहे का हे विचारून, नसेल तर तसं ठळक छापणं, हे बातमीदाराचं काम आहे.

एक्सची बाजू इथे भक्कम आहे. पोस्टला तारीख-वेळ असते, खात्याचा जुना इतिहास चाळता येतो, पोस्ट उडवण्याआधी वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर जतन करता येते. ग्रुपमधला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो आणि आधी काय लिहिलं होतं ते नंतर दिसत नाही. लोकल बंद पडली, मुंबई पोलिसांनी रस्ता वळवला, हवामान खात्याने इशारा बदलला, मंत्र्याने भूमिका मांडली, तर एक्सच बरं. फक्त खात्याच्या नावापुढच्या निळ्या खुणेवर जाऊ नका. नोव्हेंबर २०२२ पासून ती पैसे भरून मिळते. त्याच महिन्यात एलाय लिली या औषध कंपनीच्या नावाचं खोटं खातं ही खूण लावून इन्सुलिन फुकट मिळणार असं सांगून गेलं. खरं खातंही फसवू शकतं. २३ एप्रिल २०१३ रोजी असोसिएटेड प्रेसचं खातं हॅक झालं, व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याचं ट्विट पडलं आणि अमेरिकेचा शेअर बाजार काही मिनिटं कोसळला. शिवाय पोस्टची वेळ म्हणजे चित्रीकरणाची वेळ नव्हे, जुना व्हिडिओ तिथेही नव्या तारखेने येतोच.

फेसबुकबद्दल थोडक्यात: गावाकडची माणसं तिथे स्वतःच्या नावाने लिहितात आणि पोस्ट बदलली तर आधीचा मजकूर पाहता येतो. तिसरा पर्याय म्हणून ते ठेवा.

कोल्हापूरचा पूर घ्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हा आकडा अधिकृत खात्यावरून किंवा जिल्हा माहिती कार्यालयाकडूनच घ्यायचा. पण कोणत्या वाडीचा रस्ता बंद झाला आणि कोणाची जनावरं अडकली, हे आधी कळेल ते गावच्या ग्रुपवरच. तिथला व्हिडिओ आला की मंदिराचा कळस, दुकानाची पाटी, विजेचा खांब पाहून जागा ओळखा आणि पोलीस पाटलांकडून दुजोरा घ्या.

म्हणून मंत्रालय, महापालिका, रेल्वे असं क्षेत्र असेल तर एक्सवर खात्यांची यादी करून तीच पाहा. तालुका सांभाळत असाल तर ग्रुप निवडा, पण ज्यांतली निदान दहा माणसं तुमच्या तोंडओळखीची आहेत तेवढेच ठेवा. आणि ग्रुपचा स्क्रीनशॉट छापू नका. नंबर दिसला तर माहिती देणारा अडचणीत येतो, आणि पुढच्या वेळी तो फोन उचलणार नाही.