उद्यमनगरातल्या बिनबोर्डाच्या मेस्त्रींकडं काकांच्या मॅटाडोर कॅम्परचं वायरिंग करून घेतलं, त्याचा अनुभव

दुकानाला बोर्ड नाही, मॅपवर सापडत नाही आणि मेस्त्री फोन उचलत नाहीत, हे तिन्ही आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर मला शिव्या नकोत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवाले, पॅटर्नवाले ओलांडून आत गेलं की एक पत्र्याचं शेड आहे, दारात जुन्या बॅटऱ्यांची चळत, आत साठी ओलांडलेले मेस्त्री आणि हाताखाली दोन पोरं. ट्रक, ट्रॅक्टर, ऊस वाहतुकीच्या गाड्या यांचं वायरिंग हा त्यांचा रोजचा धंदा. मी नेलं ते मात्र जरा वेगळंच प्रकरण होतं.

प्रकरण म्हणजे थोरल्या काकांची १९८६ ची मॅटाडोर पिकअप आणि तिच्या हौद्यात बसवलेली खोली. काकांचा ऑईल इंजिनच्या स्पेअरचा धंदा होता, कोकणात उतरले की आठ-आठ दिवस फिरायचे, लॉजला पैसे घालवायचे नाहीत हा बाणा, म्हणून कुठल्यातरी परदेशी मासिकात फोटो बघून त्यांनी हे इथंच बनवून घेतलं. तिकडं अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात ठेवायच्या असल्या खोल्या बनवणाऱ्या कंपन्याच आहेत, फोर व्हील कॅम्पर्स तर १९७२ पासून बनवतीय. छत खाली दाबलेलं असलं की खोली बुटकी, रस्त्यावर वारा कमी लागतो, मुक्कामाला पोचलं की छत वर उचलायचं आणि मधली भिंत कॅनव्हासची. काकांच्या खोलीला सागवानी चौकट, वरनं अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिबिटनं ठोकलेला, छत उचलायला कोपऱ्यात कात्रीसारखे लोखंडी पाय. लोक विंटेज विंटेज म्हणतात पण सरकारी हिशेबात ५० वर्षं झाल्याशिवाय गाडी विंटेज होत नाही, २०२१ चा नियम आहे, आपली आत्ता कुठं चाळिशीला टेकलीय.

काका गेल्यावर गाडी शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ एका शेडमध्ये उभी होती आणि २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा आणि ४३ वर धोका हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असतंय, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. खोलीत वीतभर गाळ. काकूंनी ती विकायला नकार दिला, भंगारवाला दोनदा येऊन गेला तरी नाही म्हणाल्या, आणि शेवटी किल्ली माझ्या हातात दिली.

बॉडीचं, कॅनव्हासचं काम दुसरीकडं केलं, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही, चौकटीचे खालचे दोन तुकडे कुजले होते ते बदलले, तळाला मरीन प्लाय टाकला, नवा कॅनव्हास शिवला. खरी कटकट वायरिंगची. मेस्त्रींच्या आधी एकाकडं टाकलेली, नाव घेत नाही, त्यानं काळी पडलेली वायर तेवढी कापून नवी जोडली, पीळ मारून टेप गुंडाळली आणि साडेसहा हजार घेतले. आंबोलीत पहिल्याच रात्री पाण्याच्या पंपाकडनं जळका वास. फ्यूज शोधला तर तो पंपाला खेटून. म्हणजे बॅटरीपासून पंपापर्यंत सगळी तार बिनसंरक्षणाची, मधे कुठं पत्र्याच्या धारेला घासली असती तर तिला थांबवणारं कोणीच नव्हतं, आणि आम्ही सागवानाच्या पेटीत झोपलेलो. फ्यूज यंत्राला वाचवायला नसतो, तारेला वाचवायला असतो, त्याची जागा बॅटरीच्या प्लसपाशी, हे मला मेस्त्रींकडनं कळलं, पण पैसे घेऊन काम करणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला नको का.

तर मेस्त्री. पहिल्या दिवशी त्यांनी मीटर हातात घेतलाच नाही. खाली बसले, बाकड्याखालची वायर ओढून काढली, पुराचा डाग लाकडावर अजून दिसत होता त्याच्यावर हातभर मोजून तिथं ब्लेडनं सोलली. मला वाटलं एवढ्या वर तरी तांबं चांगलं निघेल. आत सगळं काळं, बोटानं चोळलं तर भुकटी. म्हणाले, "दादा, ही वायर न्हवं, वात हाय. दिव्यात तेल चढतंय तसं पाणी चढलंय आतनं." आणि खरंच तसंच आहे, बारीक तारांच्या जुडग्यातनं पाणी आवरणाच्या आत वर वर सरकत जातं, बाहेरनं वायर नवीकोरी दिसते. आधीच्या माणसानं तोंडाशी जोड मारला होता तो ह्या वातीलाच.

"किती बदलायची?" मी विचारलं.

"किती म्हंजे? समदी."

मी जरा घासाघीस केली, खोटं कशाला बोलू, तर त्यांनी सोललेला तुकडा माझ्या हातात ठेवला आणि चहा सांगितला. तिथंच माझं ठरलं.

दुसरी गोष्ट बघण्यासारखी होती. छतातली लाईट छत अर्ध्यावर असताना लागायची आणि पूर्ण उचललं की बंद, काही वेळा उलटं. मी दोन बल्ब, एक स्विच बदलून बसलो होतो. मेस्त्रींनी पोराला छत हळूहळू वर घ्यायला लावलं आणि स्वतः डोळे मिटून वायर दोन बोटांत धरून सरकत गेले, एका जागी थांबले, "हितं मऊ लागतंय." भिंतीतनं छताकडं जिथं वायर दुमडते बरोबर तिथं आवरण शाबूत पण आत तार तुटलेली, छत हललं की टोकं एकमेकांना लागायची आणि सुटायची. चाळीस वर्षं एकाच जागी घडी, दुसरं काय होणार. आता तिथं टेलिफोनच्या रिसिव्हरसारखी वेटोळ्यांची वायर आहे, ती ताणते आणि आक्रसते, घडी पडतच नाही. ह्या एका कामाला मी पाचपैकी सहा देईन.

अर्थिंगचं पण तसंच. गाडीत मायनस बॉडीतनं परत येतं हे सगळे धरून चालतात, पण ही खोली म्हणजे लाकूड, पत्रा नुसता वरनं ठोकलेला आणि सांध्यांत गंज. आधीच्यानं पत्र्याच्या एका स्क्रूला मायनस बांधून सोडलं होतं. मेस्त्रींनी प्रत्येक गोष्टीला दोन तारा ओढल्या, जाणारी आणि येणारी, दोन्ही बॅटरीपर्यंत. कुठंही पीळ नाही, सगळीकडं लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, दाबून, वर श्रिंक स्लीव्ह, पत्र्यातनं जिथं आरपार जाते तिथं रबरी ग्रोमेट. आणि खोली गाडीतनं उचलून ठेवता यावी म्हणून मधे ट्रेलरला असतो तसला सात पिनांचा प्लग, हे त्यांनी स्वतःहून सुचवलं.

वायरच्या जाडीवरनं आमची चांगली जुंपली. जुनी वायर घरात घालतात ती दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याची. मी म्हटलं अडीच घाला की, बास झाली. त्यांनी मग मीटर काढला. फ्रिज चालू, बॅटरीवर १२.४, फ्रिजच्या प्लगवर ११.५. घरातल्या २३० मध्ये एक व्होल्ट कमी झाला तर कोण विचारतंय, बारामध्ये एक गेला म्हणजे फ्रिज लो व्होल्टेज म्हणून झोपतोय. मी घरी येऊन हिशेब केला, जाऊन-येऊन बारा मीटर तार, दीडच्या तांब्याचा रोध साधारण ०.१४ ओहम, सहा अँपिअरला जवळजवळ ०.८५ व्होल्ट, म्हणजे मीटर सांगतोय तेच. त्यांनी दहाची घातली, आता पडतो तो ०.१३. महाग गेली, पण बोलायला जागा नाही. घरातला एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, बसवू का म्हणून मी विचारलं त्यावर नुसते हसले, नंतर कळलं की एसी दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावरनं जातो त्यामुळं ठिणगी विझते, डीसीला ती सोय नाही, साध्या एमसीबीत ठिणगी पेटलेलीच राहू शकते. डीसीचाच घेतला.

बॅटरी लिथियमची, एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-आवर. साधी लेड-अ‍ॅसिड निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य जातं, हिचं तसं नाही. फ्रिज चालू-बंद धरून, पंखा आणि लाईटसकट पावणेदोन दिवस आरामात जातो, बघितलंय. पण ही सरळ गाडीच्या अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला, जोडायची नाही, लिथियम आधाशासारखी करंट खेचती आणि जुना अल्टरनेटर तापून मरतोय, म्हणून मधे करंट आवरून धरणारा डीसी-डीसी चार्जर. मला ३० अँपिअरचा हवा होता, त्यांनी अल्टरनेटर बघून २० च्या वर जाऊ दिलं नाही.

आता तक्रारी, नाहीतर म्हणाल ह्याला फुकटात करून दिलंय.

पहिली, वेळ. पाडव्याला गाडी लावली, "पंधरा दिवसांत नेवा" म्हणाले. मग जोतिबाची जत्रा आली, दुकान बंद. मग शाहू स्टेडियमवर मॅच, दोन्ही पोरं गायब, एक पाटाकडील तालमीच्या टीमचा आणि एक खंडोबाच्या, मॅचच्या दुसऱ्या दिवशी तर ते एकमेकांशी बोलत पण नव्हते आणि एकाला वायर धरायची असायची, दुसऱ्याला दाबायची. आता कोल्हापुरात राहून फुटबॉलवर तक्रार करणार तरी कुणाकडं. गाडी मिळाली तेव्हा रोहिणीचा पाऊस पडायला लागलेला.

दुसरी, चार्जर त्यांनी बाकड्याखाली बंद कपाटात बसवला होता, बॅटरीला चिकटून. ट्रायलला पन्हाळ्याला गेलो, वर पोचेपर्यंत कपाटात हात घालवत नव्हता आणि चार्जरनं तापून करंट निम्म्यावर आणलेला. परत नेली. त्यांनी वाद घातला नाही हे मान्य करतो, "चुकलं" म्हणाले, कपाटाला जाळी पाडली आणि चार्जर उघड्यावर आणला, पैसे घेतले नाहीत. पण एवढी वायरची जाडी मोजणाऱ्या माणसाला हे सुचायला हवं होतं. फ्यूजचा डबा पण गादीच्या मागं आहे, रात्री फ्यूज गेला तर आधी झोपलेल्या माणसाला उठवायचं.

तिसरी, सोलर. छतावर १०० वॉटचं पॅनल माझ्याच हट्टानं बसवलं, त्याचा दोष त्यांना देत नाही, त्यांनी सांगितलेलं की छत जड होईल. झालं. आता ते उचलायला दोघं लागतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात गगनबावड्याकडं ते नुसतं धुऊन निघतं.

आणि हिशेब कागदावर नाही. वहीच्या पानावर आकडे, जीएसटी बिल मागितलं तर मालाचं दुकानदाराकडनं मिळालं, मजुरीचं नाही. एकूण ८७ हजार गेले, त्यात बॅटरी आणि चार्जरचेच निम्म्याच्या वर, मजुरी १९. वायरिंगचा नकाशा मात्र त्यांनी हातानं काढून दिलाय, कार्डशीटवर, लाल-काळ्या स्केचपेननं, प्रत्येक वायरला नंबर आणि तोच नंबर वायरवर स्लीव्हमध्ये. तो मी लॅमिनेट करून कपाटाच्या दाराला आतनं चिकटवलाय. पुढं कुठल्याही गावातल्या वायरमनला कळेल असा आहे.

कुणी जावं? ज्याला जुनी गाडी, ट्रॉली, फूड ट्रक असलं काही मुळापासनं करून घ्यायचंय आणि दोन महिने थांबायची तयारी आहे त्यानं. "तेवढी एक लाईट लागत नाय बघा जरा" म्हणून जाणार असाल तर जाऊ नका, ते सगळं उसवतील. सकाळी दहाच्या आत जा. पत्र्याचं काम सांगू नका, पॅनलच्या पट्ट्या त्यांनीच ठोकल्यात आणि एका रिबिटातनं छत ठिबकतंय, सध्या एमसील लावून ठेवलंय.

एक राहिलंच. काकांनी दाराशी लावलेला काळा बॅकेलाईटचा स्विच होता, खटकन वाजणारा. मी काढून टाका म्हटलं होतं. मेस्त्रींनी तो काढला नाही, त्याच्या मागं रिले घातला, म्हणजे स्विचमधनं करंट नावापुरता जातो, खरा भार रिले उचलतो. परवा काकूंना दाखवायला गाडी दारात नेली. त्या फाळक्यावर टेकलेल्या स्टुलावरनं सावकाश आत चढल्या, अंधारात हात बरोबर त्या स्विचवर गेला, खटका दाबला, लाईट लागली, आणि म्हणाल्या, "हे काय रे, दवाखान्यासारखं पांढरं. आमच्या वेळी पिवळा उजेड होता."

म्हणजे एलईडीची पट्टी बदलायचीय, दोनशे-अडीचशेचं काम. मंगळवारपासनं फोन लावतोय, उचलत नाहीत.