.३२ म्हणून विकलेलं रिव्हॉल्व्हर मुळात .३८ निघालं, जुनं हत्यार घेणाऱ्यांनी वाचा

गोव्यात लायसन्सवर जुनं रिव्हॉल्व्हर शोधणारे बरेच आहेत, काजूवाले, कुळागरवाले (सुपारी-नारळाच्या बागांचे मालक), रोकड घेऊन फिरणारे, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्याने विकलं त्याचं नाव टाकत नाही, प्रकरण चालू आहे, पण असला माल अजून फिरतोय एवढं नक्की.

आधी हे का होतं ते बघा. साध्या लायसन्सवर आपल्याला .३२ बोरचं (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इंचात) मिळतं, .३८ हा प्रोहिबिटेड बोर, तो सामान्य माणसाला ठेवता येत नाही. आणि १९८०च्या दशकात परदेशी हत्यारांची आयात बंद झाल्यापासून जुन्या इंग्लिश-अमेरिकन रिव्हॉल्व्हरचे भाव लाखांत गेलेत, कानपूरचं नवंकोरं .३२ त्यापुढे स्वस्त वाटतं. म्हणजे कुणाकडे वेब्ली या इंग्लिश कंपनीचं .३८ पडून असेल तर त्याला गिऱ्हाईकच नाही, आणि तेच .३२ 'झालं' की लाखांचा माल. त्यात २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा राहिली, लोकांनी तिसरं काढून टाकलं आणि दुकानांत जुना माल भरपूर आला, त्या गर्दीत काय काय खपून गेलं देव जाणे.

माझं लायसन्स वडिलांच्या पश्चात माझ्या नावावर झालं. काजूच्या सीझनला पैसे घेऊन फिरावं लागतं, तेव्हा एक बरं हत्यार हवं होतं. दुकानदाराने वेब्ली मार्क फोर दाखवलं, मधून मोडून उघडतं ते, काळंभोर ब्लूइंग (गंज लागू नये म्हणून धातूवर दिलेला काळसर थर), नळीवर ठसठशीत .३२. "शेट, असला पीस परत गावायचा नाही" म्हणाला. मी नंबर लायसन्सच्या कागदांशी ताडून पाहिला, आधीच्या मालकाची नोंद पाहिली, सगळं जुळत होतं. जुळणारच ना, कारण कागद हत्यारावरच्या ठशावरूनच तयार होतात आणि ठसाच नंतर मारलेला असेल तर पुढची सगळी नोंद त्याच खोट्यावर बरोबर बसत जाते. कचेरीत कुणी व्हर्नियर घेऊन नळी मोजत नाही. वेब्लीने .३२ मध्येही रिव्हॉल्व्हर बनवलीत, त्यामुळे नुसतं नाव वाचून शंका येण्याचं कारणही नाही.

रेंजवर पहिल्याच राऊंडला गडबड कळली. कागदावर गोळीचं भोक गोल पडायला हवं, इथे दोन भोकं लांबट, आडवी, म्हणजे गोळी नळीतून नीट फिरत बाहेर येतच नव्हती. उघडलं तर पुंगळ्या बाहेर पडेनात, पुंगळ्या बाहेर ढकलणारा एक्स्ट्रॅक्टरचा तारा वर आला आणि दोन पुंगळ्या त्याच्या खाली घसरून अडकल्या. एक पुंगळी बाजूने उभी चिरलेली. माझ्याबरोबर फौजेतून रिटायर झालेले एक आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारे) काका होते, त्यांनी तिथेच बार बंद करायला लावले आणि हत्यार हातात घेऊन टॉर्च मारला.

त्यांनी जे दाखवलं ते लक्षात ठेवा. नळीच्या तोंडाशी आत एक बारीक गोल रेघ, दोन धातूंच्या मधला जोड. म्हणजे मूळ नळी पोखरून आत पातळ ट्यूब बसवलेली. सिलिंडरच्या (गोळ्या भरायच्या फिरत्या चक्राच्या) सहाही घरांत मागच्या बाजूला तशीच रेघ, आणि एका घरातली ट्यूब किंचित पुढे सरकलेली, अजून थोडी सरकली असती तर सिलिंडरच जाम. ताऱ्याच्या खाचा .३८च्या पुंगळीच्या बुडाच्या रुंद कडेसाठी कापलेल्या, .३२ची कड त्यात धरत नाही म्हणून तिथे पितळी डाख देऊन भर घातलेली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सिलिंडरवर नव्या ब्लूइंगखाली अर्धवट घासलेला प्रूफचा (हत्याराच्या चाचणीचा) ठसा, तिरकं धरल्यावर वाचता आला: .७६७. इंग्लंडमधल्या प्रूफ हाऊसचे ठसे नुसता बोर सांगत नाहीत, पुंगळीची लांबी आणि दाबाचा आकडाही सांगतात. .७६७ इंच ही वेब्लीच्या .३८ची लांबी, .३२ लाँग या काडतुसाची पुंगळी .९२ इंचाची असते. काका म्हणाले, "बाळा, हे बत्तीस नव्हेच. घासणाऱ्याचा हात तिथे थांबला म्हणून तू वाचलास."

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला तर पैशाचा नाही. नळीतली ट्यूब सुटून गोळी मध्येच अडकली आणि मागून दुसरी आली तर हात जातो, डोळा जातो, शेजारी उभा असलेला जातो. आणि कायद्याची टांगती तलवार विकणाऱ्यापेक्षा आधी आपल्या डोक्यावर. आर्म्स ॲक्टच्या कलम ५ प्रमाणे हत्यारात असा बदल करायलाच वेगळं लायसन्स लागतं, आणि प्रोहिबिटेड हत्यार बेकायदा बाळगल्याला आता कमीत कमी ७ वर्षं आहे, जास्तीत जास्त १४. मला काही ठाऊक नव्हतं हे सिद्ध करत बसायचं मी, आणि तो दुकानदार म्हणतो "आम्हाला जसं आलं तसं दिलं"!

घ्यायचंच असेल तर जाणकार माणूस बरोबर न्या, टॉर्च आणि व्हर्नियर न्या. .३२ची गोळी साधारण ७.९ मिलिमीटर, जुन्या .३८ची ९.२, एवढा फरक लपत नाही. फ्रेम, नळी, सिलिंडर यांचे नंबर वेगवेगळे पाहा. जुन्या हत्यारावर ब्लूइंग नवंकोरं असेल तर ते कशासाठी केलं ते विचारा. बिलावर "मूळ बोर .३२, कोणताही बदल नाही" असं लिहून सही-शिक्का घ्या, माझ्या दुकानदाराने नंतर नेमकं तेच लिहून द्यायला नकार दिला. आणि कुणी खासगीत "आपसात करून टाकू" म्हणाला तर त्याने कलेक्टर किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस झालेत का ते बघितल्याशिवाय हात लावू नका.

मी वकिलाला विचारून लेखी अर्जासकट हत्यार ठाण्यात जमा केलंय, बॅलिस्टिक तपासणीची मागणी केलीय, पैशासाठी ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. तुमच्याकडे असं वेब्ली आधीपासूनच असेल आणि नळीच्या तोंडाशी ती रेघ दिसली तर एकही बार काढू नका, रिकामं करून ठेवा, आधी वकील गाठा, मग अर्ज घेऊन ठाण्यात जा आणि अर्जाच्या कॉपीवर तारखेसकट पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.