मुक्तलेखन आणि टिपणपेटी : काही महिन्यांच्या वापरानंतर

लेखनासाठी सुचवल्या जाणाऱ्या अनेक तंत्रांपैकी दोनच मी काही महिने सलग वापरली : कल्पना बाहेर काढण्यासाठी मुक्तलेखन आणि त्या लावून ठेवण्यासाठी टिपणपेटी. पीटर एल्बो या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७३ सालच्या आपल्या पुस्तकातून लोकप्रिय केलेले मुक्तलेखन अगदी सोपे आहे. दहाएक मिनिटे हात न थांबवता लिहायचे, खोडायचे नाही, मागचे वाचायचे नाही आणि काहीच सुचेनासे झाले तर ‘सुचत नाही’ हेच लिहीत राहायचे. लिहिणे आणि तपासणे ही कामे एकाच वेळी केली की दोन्ही अडतात, हे त्यामागचे कारण मला पटले. मात्र ‘मनात येईल ते लिहा’ या सूचनेचा फार गवगवा झाला आहे, असे माझे मत आहे. तसे लिहिल्यावर कागदावर बहुधा विजेचे बिल आणि शेजाऱ्यांविषयीच्या तक्रारीच उतरतात. कागदाच्या माथ्यावर एखादा नेमका प्रश्न लिहून सुरुवात केली, तर शेवटच्या दोन-तीन मिनिटांत एखादे कामाचे वाक्य हाती लागते. तेवढे उतरवून घेऊन बाकीचा कागद मी फाडून टाकतो.

उतरवलेले वाक्य टिपणपेटीत जाते. ही पद्धत जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान यांच्यामुळे प्रसिद्ध झाली. त्यांच्या पेट्यांमध्ये सुमारे ९०,००० टिपणे साठली होती आणि तो संग्रह आज बीलेफेल्ड विद्यापीठाकडे आहे. एका कागदावर एकच विचार, तोही आपल्या शब्दांत पूर्ण वाक्यात लिहायचा, आणि त्याला विषयाऐवजी क्रमांक द्यायचा. १२ या टिपणातून पुढचा विचार निघाला तर तो १२क, त्यातून आणखी फाटा फुटला तर १२क१. दूरच्या टिपणाशी संबंध दिसला तर त्याचा क्रमांक कोपऱ्यात नोंदवायचा. विषयवार कप्पे नसणे सुरुवातीला गैरसोयीचे वाटते, पण पेटीचा खरा उपयोग त्यातच आहे, हे एका लेखाच्या वेळी स्पष्ट झाले.

पाणपोईवरील ‘यांच्या स्मरणार्थ’ या पाटीविषयी माझे एक टिपण होते : पाणी देणाऱ्याचे नाव दगडात कोरलेले असते, पिणाऱ्याची मात्र कुठेच नोंद नसते. पेटीत बऱ्याच अंतरावर लग्नातील आहेराच्या वहीविषयीचे टिपण होते. त्या वहीतही देणाऱ्याचेच नाव असते, परंतु ते परतफेडीच्या हिशेबासाठी. ही दोन टिपणे मी ‘गावातील जुन्या गोष्टी’ आणि ‘लग्नसमारंभ’ अशा पाकिटांत घातली असती, तर ती कधीच शेजारी आली नसती. नवे टिपण कुठे जोडावे हे शोधताना जुनी चाळावी लागतात, आणि त्या चाळण्यातच ती एकमेकांसमोर आली. स्मरणासाठीचे नाव आणि हिशेबासाठीचे नाव यांतील फरकावर पुढे सबंध लेख उभा राहिला. नंतर देवळाच्या पायऱ्यांवरील देणगीदारांची नावेही त्याला येऊन मिळाली, आणि तीच सर्वांत अवघड निघाली, कारण ती या दोहोंपैकी कशातच नीट बसत नाहीत.

साहित्याचा खर्च नगण्य आहे. पाठकोऱ्या ए-फोर कागदाचे चार तुकडे केले की नेमका हवा तो आकार मिळतो. लूमानही टिपणांसाठी जुने, एका बाजूने वापरलेले कागद घेत असत. देवनागरी क्रमांकांत एक अडचण येते : घाईत लिहिलेला ‘ख’ नंतर ‘रव’ असा वाचला जातो आणि ‘ङ’पाशी हात अडखळतो, म्हणून मी ही दोन्ही अक्षरे गाळतो. मोबाइलवरील ॲपही वापरून पाहिले. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पडला की शोधलेले टिपण सापडत नाही, आणि शोधण्याची सोय असल्यामुळे चाळण्याची सवय सुटते. हे दुसरे नुकसान मला अधिक गंभीर वाटते.

कथेसाठी मात्र पेटी निरुपयोगी ठरली. पात्राविषयी टिपणे केली की ते पात्र बोलेनासे होते; त्याचा स्वभाव, वय, व्यवसाय सगळे क्रमांकानिशी हजर असते आणि तोंडी एकही वाक्य येत नाही. उलट त्याच पात्राच्या तोंडून ‘मी’ असे म्हणत मुक्तलेखन केले, की त्याची बोलण्याची ढब लवकर सापडते. त्यामुळे कथेचे मुक्तलेखन मी स्वतंत्र वहीत करतो, त्याचे कागद फाडत नाही आणि त्यातले काहीही पेटीत टाकत नाही.