पत्रकारांच्या प्रश्नांना सामोरे जाण्याचे प्रशिक्षण : पुण्यातील एका कार्यशाळेचा अनुभव

विश्वस्त संस्था, रुग्णालये आणि शाळांच्या प्रतिनिधींसाठी पुण्यातील एका माध्यम सल्लागार संस्थेने घेतलेल्या कार्यशाळेला मी आमच्या विश्वस्त मंडळाच्या वतीने उपस्थित होतो.

बातमीदाराचा फोन आल्यावर घाईने उत्तर देऊ नये, हे कोणीही सांगेल. येथे मात्र त्याऐवजी काय करावे हे शिकवले गेले. नाव, वृत्तपत्र किंवा वाहिनी, बातमीचा विषय, आणखी कोणाशी बोलणे झाले आहे आणि माहिती कधीपर्यंत हवी आहे, एवढे विचारून नोंदवहीत उतरवायचे, उलट फोन करण्याची वेळ सांगायची आणि ती पाळायची. ‘ऑफ द रेकॉर्ड’ (म्हणजे बोललेले प्रसिद्ध करायचे नाही) हे बोलण्यापूर्वी दोघांनी मान्य करायचे असते, बोलून झाल्यावर ते जाहीर करून उपयोग नसतो, हेही स्पष्ट केले गेले. ‘छापण्यापूर्वी बातमी दाखवा’ असा आग्रह न धरता आकडे आणि नावे लेखी पाठवावीत, हा सल्ला मला विशेष व्यवहार्य वाटला.

कॅमेऱ्यासमोरचा सराव हा कार्यशाळेतील सर्वोत्तम भाग होता. प्रशिक्षक एकच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा विचारत आणि उत्तर संपल्यावर मुद्दाम गप्प बसत. ती शांतता असह्य होऊन बहुतेक जण नको ते बोलून जात. बाइट, म्हणजे बातमीत दाखवला जाणारा बोलण्याचा तुकडा, काही सेकंदांचाच लागत असल्याने मुख्य वाक्य आधी बोलावे, हे त्यातूनच पटले.

प्रसिद्धिपत्रकांचे नमुने मात्र निराशाजनक होते. ‘कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे’ अशी सुरुवात असलेला परिच्छेद कोणताही उपसंपादक वाचताक्षणी कापेल. चुकीच्या बातमीविषयीचे सत्रही अपुरे होते. आधी संपादकांना लेखी कळवावे लागते, दैनिकाविरुद्धची तक्रार प्रेस कौन्सिलकडे (वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैधानिक संस्थेकडे) प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत करावी लागते आणि वृत्तवाहिन्या त्या कक्षेत येत नाहीत, यांपैकी काहीही सांगितले गेले नाही. पैसे घेऊन शिकवणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा गैर नाही.

शेवटी गळी उतरवली जाणारी या सल्लागार संस्थेची मासिक शुल्काची माध्यम-सल्ला सेवा लहान संस्थांनी घेऊ नये. वर्षाकाठी मोजकेच फोन येणाऱ्यांना नोंदवही पुरते. कार्यशाळेला मात्र अवश्य जावे आणि चिटणीसांबरोबर कार्यालयात फोन उचलणाऱ्या व्यक्तीलाही पाठवावे, कारण बातमीदाराचा पहिला प्रश्न तिच्याच कानी पडतो.