कोळशी मॅट शटर, ऑफव्हाइट वरची कपाटं, फिकट हिरवी भिंत: स्वयंपाकघराचे रंग, आठ महिन्यांनंतर

सुरुवात कचऱ्याच्या डब्याच्या कपाटाच्या शटरपासून, म्हणजे दारापासून करतो, कारण घोडं तिथेच अडलंय. हँडलच्या बाजूला तळहाताएवढा चकचकीत पट्टा उमटलाय. डाग समजून पुसावा तर आणखी चमकतो. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या रंगाचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो. हात आणि फडकं लागून तो गुळगुळीत होत जातो आणि तेवढाच भाग उजेडात चमकतो. फिकट मॅटचंही हेच होतं, पण लक्षात येत नाही. कोळशी रंगावर दारातून दिसतं. उद्या घर बघायला कोणी आलं, तर आठ महिन्यांच्या रंगाला बिनदिक्कत जुना म्हणेल.

नुसत्या पट्ट्यावर ब्रश फिरवला की ठिगळ दिसतं, त्यामुळे अख्खं शटर रंगवावं लागतं. बिजागरीतून काढायचं, साबणाच्या पाण्याने तेलकटपणा घालवायचा, साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवायचं. मग 220 नंबरचा पॉलिश पेपर, धूळ पुसणं आणि फोम रोलरने सॅटिनचे, म्हणजे किंचित चमक असलेल्या रंगाचे दोन पातळ हात. तेलकटपणा राहिला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. लॅमिनेट असेल तर गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर आधी हवाच. रंग हाताला दोन-तीन तासांत कोरडा लागतो, पण पाण्यातला रंग पुरता कडक व्हायला तीन-चार आठवडे जातात. तोवर घासणी लावायची नाही. आणि मॅटच्या रांगेत एकच सॅटिन शटर उठून दिसतं, म्हणजे खालची सगळीच काढा. पहिल्याच वेळी सॅटिन घेतलं असतं तर ही दुहेरी मजुरी वाचली असती.

वरच्या ऑफव्हाइटबद्दल मात्र मत बदललं. पहिल्या महिन्यात ते अगदीच मिळमिळीत वाटायचं. आता या स्वयंपाकघरातला तोच सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. शेडकार्डवर एलआरव्ही हा आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा, 0 ते 100. असे ऑफव्हाइट साधारण 75 ते 85, कोळशी 10 च्या आतबाहेर. छोट्या खोलीत डोळ्यांच्या पातळीवर मोठा आकडा असला की खोली मोकळी वाटते, आणि घर विकत घेणाऱ्यालाही आपली भांडी तिथे मांडलेली कल्पता येतात. फक्त पांढरा ऑइल पेंट नको. उजेड न पोहोचणाऱ्या जागी, म्हणजे कपाटाच्या आत आणि फ्रिजमागे, तो पिवळा पडतो. पाण्यातला ॲक्रिलिक इतका पिवळत नाही.

भिंतीचा हिरवा दिवसा छान, रात्री शेवाळी. दोष रंगाचा नाही, 2700 केल्विनच्या पिवळ्या बल्बचा. 4000 केल्विनचा, जास्त पांढरा आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वरचा बल्ब लावला आणि रंग जागेवर आला. रंगाचा डबा घेण्याआधी फूटभर पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो ओट्यामागे उभा करायचा, सकाळी, दुपारी आणि दिवे लावून बघायचा, शेजारी कोरा पांढरा कागद धरून. कागदाशेजारी करड्या रंगातली निळी किंवा जांभळी छटा लगेच उघडी पडते.

आवडीचा रंग भिंतीवरच ठेवावा, ती दोन दिवसांत बदलता येते. ओटा आणि टाइल्स फोडल्याशिवाय बदलत नाहीत, तिथे हौस नको. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत, वर शेडचा कोड, बॅच नंबर आणि फिनिश (मॅट की सॅटिन) लिहून ठेवलाय. फिनिश ठळक अक्षरांत.